घरच्या सरावात ‘पोझिशन’ शिकवताना या चुका टाळा

कोल्हापुरात मुलाला फुटबॉलच्या सरावाला घालणारा पालक पहिल्या दिवशी वेळ विचारतो, फी विचारतो आणि निघता निघता हळूच सांगतो, “सर, पोरगं फॉरवर्डलाच खेळू दे.” पोराचे वय असते आठ. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या आघाडीच्या फळीत होता, आणि पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार या इथल्या संघांचे सामने शाहू स्टेडियममध्ये बसून पाहणाऱ्या घरांत जेवताना गोल करणाऱ्याचेच नाव निघते, त्यामुळे ही मागणी कुठून येते हे मला कळते. परंतु या मागणीपाठोपाठ घरच्या गच्चीवर जो उत्साही सराव सुरू होतो, त्यातून त्याच त्या चुका दर मोसमात मैदानावर येतात, आणि त्या काढून टाकण्यात नवे शिकवण्याचा वेळ निघून जातो.

उंची पाहून जागा ठरवणे

मुलाच्या आजच्या शरीरावरून त्याची जागा कायमची ठरवून टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उंच मुलगा स्टॉपर (गोलासमोरचा मधला बचावपटू), चपळ मुलगा विंगर (कडेने चढाई करणारा), जाड मुलगा गोलात, आणि ज्याचे काय करावे हे कुणालाच सुचत नाही तो राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू)! अशी वाटणी करायला दहा मिनिटे पुरतात आणि रविवारचा सामना तिच्या जोरावर जिंकताही येतो, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहे.

एका शाळेच्या संघात पाचवीपासून स्टॉपर खेळलेला एक मुलगा आठवीत माझ्याकडे आला. पाचवीत तो वर्गातल्या इतरांपेक्षा वीतभर उंच होता, एवढ्या भांडवलावर त्याला ती जागा मिळालेली होती आणि बॉल आला की उडवायचा, एवढीच शिकवण त्याला मिळालेली होती. तो उडवायचाही असा, की मैदानाबाहेरून टाळ्या पडायच्या आणि वडील “घाल लांब!” म्हणून आवाज द्यायचे. या तीन वर्षांत त्याने अंगावर बॉल घेऊन वळण्याचा प्रयत्न कधी केला नव्हता, डाव्या पायाने पास दिला नव्हता, दोन विरोधकांच्या मधल्या फटीत सरकून बॉल मागितला नव्हता; संघ जिंकत असल्यामुळे कुणी त्याच्याकडे ते मागितलेही नव्हते. मग बाकीच्या मुलांची उंची वाढली आणि याची थांबली. हेडिंगला, म्हणजे उंच आलेला बॉल डोक्याने मारण्यात, तो हरू लागला आणि स्टॉपर म्हणून त्याच्याकडे देण्यासारखे काही उरले नाही.

मी त्याला मधल्या फळीत उभे केले. पहिल्याच सरावात बॉल त्याच्या पायाशी आला तेव्हा दहा पावलांत कुणीही नव्हते, समोर मोकळे मैदान होते, तरीही उजवा पाय मागे गेला आणि बॉल कुंपणापलीकडे जाऊन पडला. तो घाबरलेला नव्हता. डोक्याने काही ठरवण्याआधीच पायाने आपले काम उरकलेले होते. सरावाच्या खेळात त्याच्यापुरता बॉल जमिनीवरून उचलण्यास मनाई, असा नियम आम्ही केला. त्याच्याकडून बॉल वारंवार जाऊ लागले, गोल होऊ लागले, आणि मुलाचा खेळ बिघडवल्याबद्दल वडिलांचे खडे बोल मला ऐकून घ्यावे लागले. मोसम संपेपर्यंत तो उजव्या बाजूने नीट वळू लागला. डाव्या पायावर बॉल आला, की तो आजही उडवतो.

मोठ्या खेळाडूंचेच उदाहरण हवे असेल, तर गॅरेथ बेल लेफ्ट बॅक म्हणून पुढे आला, थिएरी हेन्री आधी विंगला खेळत होता, पुढे दोघांच्याही जागा बदलल्या, आणि जगातल्या उत्तम बॅकमध्ये गणल्या जाणाऱ्या फिलिप लामला २०१३ मध्ये बायर्न म्युनिकमध्ये प्रशिक्षक पेप गार्डिओलाने मधल्या फळीत आणले. त्यांना जागा बदलता आली, कारण कुठल्याही जागेवर लागणारी मूळ कौशल्ये त्यांच्याकडे होती. बारा वर्षांच्या आत मी कुणाचीही जागा ठरवत नाही. एका मोसमात प्रत्येक मूल मागे, मध्ये, पुढे, दोन्ही कडांना आणि गोलातही खेळते. त्यामुळे आम्ही काही सामने हरतो, आणि ज्या पालकांना ते चालत नाही त्यांनी दुसरा प्रशिक्षक पाहावा, असे मी स्पष्ट सांगतो. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षभराने मोठा असतो, एवढी साधी गोष्टही निवड करताना विसरली जाते आणि वयाने मिळालेल्या ताकदीला गुणवत्ता समजले जाते.

जाड मुलाला गोलात उभे करणाऱ्यांनी नियम वाचावेत. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल गोलरक्षकाला १९९२ पासून हाताळता येत नाही, आणि २०१९ पासून गोल किकचा बॉल सहकारी पेनल्टी एरियाच्या आतही (गोलासमोरच्या मोठ्या चौकटीत) घेऊ शकतो. चढाईची सुरुवात आता गोलरक्षकाच्या पायातून होते, तेव्हा संघात पासिंगला सर्वांत कच्चा असलेला खेळाडू तिथे उभा करून चालणार नाही.

मान खाली घालून केलेला सराव

“सर, घरी तर हा एका दमात दोनशे जगलिंग मारतो, मॅचमध्ये काय होतं तेच कळत नाही,” ही (बॉल जमिनीवर न पडू देता पायाने उडवत ठेवण्याची) तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की वाक्य पूर्ण होण्याआधीच मला मुलाचा गच्चीवरचा सराव डोळ्यांसमोर दिसतो. ओळीत मांडलेले शंकू किंवा चपला, त्यांच्यातून नागमोडी नेलेला बॉल, मग मोबाइलमध्ये पाहिलेली एखादी करामत, आणि या सगळ्या वेळात नजर बॉलवर खिळलेली. शंकू जागचे हलत नाहीत, बॉल काढून घेत नाहीत आणि त्यांच्यामागून मोकळा सहकारी धावत नाही. साहजिकच मुलाला बॉल खेळवता येऊ लागतो, आणि फुटबॉल मात्र येत नाही. जगलिंगला माझा विरोध नाही. पायाची ओळख त्यातून होते. मात्र तेवढ्यावर घरचा सराव संपत असेल, तर त्याचा पोझिशनशी काहीही संबंध नाही.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात एकेका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. उरलेल्या वेळात तो कुठे उभा आहे, त्याचे अंग कुठल्या बाजूला वळलेले आहे आणि बॉल येण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिले आहे की नाही, याला आपण पोझिशन म्हणतो. गायर योर्डेट या नॉर्वेच्या अभ्यासकाने उत्तम मिडफिल्डर (मधल्या फळीतले खेळाडू) बॉल येण्यापूर्वी आजूबाजूला किती वेळा पाहतात, याचा चित्रफितींवरून अभ्यास केला. जास्त वेळा पाहून घेणाऱ्यांचे पुढे जाणारे पास अधिक यशस्वी होतात, असे त्यात दिसून आले. स्पेनचा मिडफिल्डर शावी याचे जुने सामने काढून बॉलऐवजी त्याच्या मानेकडे लक्ष ठेवले, तर हे अभ्यासाशिवायही दिसते.

ही सवय घरी लावता येते आणि तिला लागणारे सामान स्वयंपाकघरात असते. मुलाने भिंतीपासून चार-पाच पावलांवर उभे राहून भिंतीवर पास मारावा. मागे दाराशी आई, आजी किंवा धाकटी बहीण एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन उभी राहील आणि प्रत्येक पासला त्यांतली एकच वस्तू वर धरील. बॉल भिंतीवर आपटून पायाशी पोहोचण्याआधी मुलाने मागे पाहून “वाटी” किंवा “चमचा” असे मोठ्याने म्हणायचे आणि पहिल्याच स्पर्शाला, वाटी असेल तर डावीकडे आणि चमचा असेल तर उजवीकडे वळायचे. सुरुवातीला बॉल पायाखालून निसटतो, मुलगा चिडतो, आणि बहीण मुद्दाम दोन्ही वस्तू वर धरते. चालू द्यावे, सामन्यात विरोधकही असेच करतात. पाहण्याची वेळ मात्र काटेकोर हवी. बॉल आपल्या पायातून निघून भिंतीकडे जात असतानाच पाहायचे, तो परत येऊ लागला की नजर त्याच्यावर हवी. पुष्कळ मुले उशिरा पाहतात आणि मग पहिला स्पर्श बिघडतो, त्यावरून पालक असा निष्कर्ष काढतात की मागे पाहिल्यामुळेच बॉल सुटला आणि पाहणेच बंद करवतात.

याच भिंतीवर वेगवेगळ्या जागांचा सराव होतो. बॅक किंवा विंगरसाठी कंपाउंडची बाजूची भिंत ही टचलाइन, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूची रेषा, समजावी, तिच्याकडे पाठ करून अंग तिरके ठेवावे आणि आलेला बॉल लांबच्या पायाने घ्यावा, म्हणजे पुढचे मैदान आपोआप नजरेत येते. मिडफिल्डरसाठी मागे चपलांची दोन दारे मांडावीत आणि त्यांतले कुठले उघडे हे मागच्या माणसाने शेवटच्या क्षणी सांगावे. फॉरवर्डने पाठ गोलकडे ठेवून उभे राहावे, वडिलांनी पाठीला हलका हात लावून दाब द्यावा आणि दाब ज्या बाजूने येईल त्याच्या विरुद्ध बाजूला त्याने वळावे. स्टॉपरला घरी बॉलचीही फार गरज नसते: समोरून बॉल घेऊन येणाऱ्या भावापुढे तिरके उभे राहून, पायात पाय न अडकवता मागे सरकत जाणे आणि उगाच पाय न घालणे, एवढे त्याने केले तरी बरेच झाले. डाव्या पायाचे काम प्रत्येकाने सरावाच्या सुरुवातीला करावे. शेवटी ठेवले की ते रोज उद्यावर जाते.

बॉल नसताना कुठे जायचे ते सांगतच नाही

मुलांना घरात फळ्यावर आकडे काढून ‘चार-तीन-तीन’ (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) शिकवणारे पालक मला भेटतात. त्यांच्यासाठी कॅरम बोर्ड पुरेसा आहे. पांढऱ्या सोंगट्या नऊ, काळ्या नऊ आणि लाल राणी. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखालील मुलांचे सामने नऊ-नऊ खेळाडूंचेच असतात, त्यामुळे हा संच जणू याच कामासाठी घडवल्यासारखा आहे. राणीला बॉल माना. ती उजव्या कडेला सरकवली, की मुलाने आपल्या सर्व सोंगट्या हलवायच्या आणि प्रत्येकीने ती जागा का घेतली ते सांगायचे. बहुतेक मुले राणीजवळच्या दोन सोंगट्या हलवून थांबतात. डाव्या कडेची सोंगटी आत का यायला हवी, मागची सोंगटी वर का सरकायला हवी, हे प्रश्न तिथे बोर्डवर बसून शांतपणे विचारता येतात. मैदानावर धापा टाकणाऱ्या मुलाला ते ऐकूही येत नाहीत.

टीव्हीवर सामना पाहतानाही पहिली दहा मिनिटे आपल्या जागेवरच्या एकाच खेळाडूवर नजर ठेवायला सांगावे, बॉल कुठेही असो.

झटपट उपाय आणि इतर उपद्व्याप

पायाला वाळूच्या पट्ट्या बांधून मुलांना पळवणे थांबवावे. त्याने वेग वाढत नाही, धावण्याची ढब तेवढी बिघडते.

बाराच्या आतल्या मुलाला पाच नंबरचा बॉल देऊ नये. त्या वयाला चार नंबर आणि आठच्या आत तीन नंबर योग्य असतो. “पुढे मोठ्याच बॉलने खेळायचे आहे ना” हा युक्तिवाद मुलाच्या बुटांच्या मापाबाबत कुणी करत नाही.

पंक्चर झालेल्या, अर्धवट हवेच्या बॉलवर पहिला स्पर्श शिकता येत नाही.

लहान मुलांकडून घरी हेडिंगचा सराव करून घेऊ नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकण्याचा निर्णय घेतला, आणि अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याआधीपासून बंदी आहे.

‘सात दिवसांत विंगर व्हा’ छापाचे व्हिडिओ पाहून आठव्या दिवशी मला विचारायला येणाऱ्यांना मी मैदानाभोवती गवत काढायला सांगतो. निदान ते काम सात दिवसांत पूर्ण होते.

कडेला उभे राहून “मार!”, “सोड!”, “पुढे जा!” असे ओरडणाऱ्या वडिलांमुळे मुलाचे पाहणे बंद होते, कारण निर्णय बाहेरून मिळत असताना स्वतः पाहण्याचे कारणच उरत नाही. घरी चमचा धरून उभे राहिलेले वडील मैदानाच्या कडेला गप्प बसू शकत नसतील, तर त्यांनी सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियममध्ये मोठ्यांचा खेळ पाहायला जावे. तिथे ओरडायला कुणाची हरकत नाही.

शेवटची चूक सर्वांत उत्साही घरांत होते. शाळेचा सराव, क्लबचा सराव आणि रात्री गच्चीवर तास-दीड तास, असे रोज चालले की दहा ते चौदा या वयातली मुले सकाळी उठल्यावर टाचेवर पाय टेकवताना किंवा जिना उतरताना गुडघ्याखाली हात लावून तक्रार करतात. या वयात टाचेच्या आणि गुडघ्याखालच्या हाडाचा वाढणारा भाग नाजूक असतो आणि त्यावर ओढ पडून असे दुखते. दुखऱ्या टाचेवर मलम चोळून त्याला पुन्हा भिंतीपाशी उभे करू नये. उड्या आणि धावणे ताबडतोब कमी करावे, दुखणे टिकले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि तोपर्यंत कॅरम बोर्ड काढावा. ज्या दिवशी क्लबचा सराव असेल त्या दिवशी घरी बॉलला हात लावू नये, अन्य दिवशी वीस मिनिटे पुरेत, आणि ती वीस मिनिटे मुलाने स्वतः मागितलेली असावीत.