मुठा उजवा कालवा बघायचाय? थोडं चालत, थोडं गाडीने

पुण्याजवळच्या खडकवासला धरणापासून निघणारा मुठा उजवा कालवा पूर्ण चालायच्या नादाला लागू नका, पार इंदापूरकडे जातो तो. धरण १८७० च्या दशकातलं, १९६१ ला पानशेतच्या पुरात फुटलं आणि परत बांधलं, तिथून सुरुवात करा. सिंहगड रोडच्या बाजूने पर्वती, स्वारगेटपर्यंतचा भाग सकाळी तुकड्या-तुकड्याने चालता येतो, दांडेकर पुलाजवळ २०१८ च्या सप्टेंबरमध्ये भिंत फुटून पाणी वस्तीत घुसलेलं ती जागाही याच पट्ट्यात. वास आणि कचरा आहे, आधीच सांगतो.

हडपसरच्या पुढे मात्र गाडी घ्या. पण कॅनॉलच्या भरावावरून गाडी घालू नका, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की रिव्हर्सशिवाय पर्याय नाही, पावसात तर काळी माती चाक सोडत नाही. सोलापूर हायवेने जायचं, मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावायचा आणि कालव्यावरचा पूल दिसेल तिथे आत वळायचं, गाडी गावात लावून तेवढं चालायचं. कालवा उताराच्या हिशोबाने वळसे घेत जातो म्हणून मॅपवरचं अंतर फसवतं. आणि हो, तिकडे बेबी कॅनॉल म्हणतात तो वेगळा, जुना कालवा, त्यात मुंढव्याहून प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात, दोन्हीत गोंधळू नका.

आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू आहे का ते गावात कुणालाही विचारा, पाणी असेल तर काठाला उतरायचं नाही, अस्तर शेवाळलेलं असतं आणि धरायला काहीच नसतं.