महिला मंडळात आज्या आणि कॉलेजच्या मुली एकत्र कामाला कशा लावायच्या

आपल्याकडे नगर जिल्ह्यात म्हणा, जालना म्हणा, पुण्या-मुंबईत म्हणा, महिला मंडळ नाही असं चर्च सापडणं अवघड. आठवड्यातून एकदा दुपारी तीनला बायका जमतात, दोन गीतं, वचन, प्रार्थना, चहा, मग घरी. आणि जमलेल्या बायका बघा, बऱ्याचशा साठीच्या पुढच्या. मुली क्वायरमध्ये असतात, संडे स्कूलला शिकवतात, नाताळच्या कार्यक्रमात सगळ्यात पुढे असतात, पण मंडळात नाहीत. लोक म्हणतात आजकालच्या पोरींना प्रार्थनेची गोडी नाही. मला हे अजिबात पटत नाही. आपण त्यांना मंडळात कामच देत नाही, दिलं तर चहाचे कप उचलायला देतो, आणि मग त्या येत नाहीत म्हणून नाराज होतो.

मला जे सांगायचंय ते एवढंच की पिढ्या एकत्र येतात त्या एका खऱ्या माणसाच्या खऱ्या कामावर. "युथ आणि महिला संयुक्त मेळावा" वगैरे करून नाही येत. म्हणून हे सगळं कामाच्या बाजूनेच लिहितेय.

आधी वेळ आणि वही

दुपारी तीनची वेळ नोकरी करणाऱ्या आणि कॉलेजला जाणाऱ्या बाईला बंदच आहे. दुपारची मीटिंग मोडू नका, आज्यांचा तो आधार आहे, पण महिन्यातून एकदा रविवारी उपासना सुटल्यावर तिथेच चर्चमध्ये पाऊण तास बसा. घरी जाऊन परत यायचं म्हटलं की कोणी येत नाही. या बैठकीत फक्त काम बोलायचं, प्रार्थना सुरुवातीला एक आणि शेवटी एक.

एक वही घाला. त्यात लिहायचं कोणाचं काम, काय अडलंय, कोणती जोडी बघतेय, पुढची तारीख. जोडी म्हणजे एक पन्नाशी-साठीच्या पुढची आणि एक तिशीच्या आतली. दृढीकरण (मोठं झाल्यावर चर्चमध्ये आपल्या विश्वासाची जाहीर कबुली) झालेल्या मुलींना पहिल्यापासून घ्या, पण अठराच्या खालच्या मुलींना घरगुती भांडणाच्या, मारहाणीच्या कामात अजिबात नको, त्यांना कागदपत्रांचं, फोन लावायचं, आजीसोबत घरभेटीचं काम द्या.

व्हॉट्सॲप ग्रुप काढाच, पण ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा लागतो त्यांच्यासाठी सगळं बोलून पाठवा. आणि ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं नकोत हे पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून टाका, नाहीतर कामाचा मेसेज सापडत नाही.

पहिलं काम: विधवा पेन्शन

सुरुवातीला मोठं काही घेऊ नका. मंडळीतल्या किंवा वस्तीतल्या (ख्रिस्ती असो नसो) एका विधवा बाईचं संजय गांधी निराधार योजनेचं प्रकरण घ्या. नाताळला आपण तिला किराण्याचं किट देतो, चांगलं आहे, द्यावंच, पण ते तेल-साखर पंधरा दिवसांत संपतं आणि पेन्शन दर महिन्याला 1500 रुपये येते. दोन्हीला मी सेवाच म्हणते, फक्त दुसरी तिच्या हक्काची आहे आणि ती कोणाच्या उपकाराची राहत नाही.

लागतं काय, तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा दाखला, वर्षाला 21,000 रुपयांच्या आतलं उत्पन्न असल्याचा तहसीलचा दाखला, आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. वय 65 च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजनेत बघा. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो राहिला की पैसे बंद होतात, म्हणून वहीत त्याची तारीख आत्ताच टाकून ठेवा.

आता आपल्या लोकांत हमखास अडतं ते नाव. घरी आणि रेशन कार्डावर मथुराबाई, चर्चच्या रजिस्टरला मार्था, आधारवर मथुरा आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नीचं नाव तिसरंच. सेतूतला माणूस अर्ज परत करतो आणि बाई पुन्हा जातच नाही. इथे तरुण मुलगी एकटी काही करू शकत नाही, कारण बाप्तिस्मा कुठल्या साली, कुठल्या गावच्या चर्चला झाला, तेव्हा पाळक कोण होते, ती गावं आता कुठल्या पास्टोरेटला (एका पाळकाकडे असलेल्या भागाला) जोडलीत हे तिला कसं माहीत असणार. ते आजीला तोंडपाठ असतं. "ती माझ्या थोरल्या पोराच्या वर्षीची, तेव्हा ते उंच पाळकसाहेब होते" एवढ्यावरून साल निघतं, आणि साल मिळालं की रजिस्टरचा उतारा निघतो. चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीलाही किंमत आहे, 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेलं लग्न आहे ते, त्या नोंदीची प्रमाणित प्रत मागून घ्या. मग मुलगी प्रतिज्ञापत्राचा मजकूर लिहिते की ही दोन्ही नावं एकाच बाईची, आधार दुरुस्तीची वेळ घेते, अर्ज ऑनलाइन भरते. आजीशिवाय साल नाही आणि पोरीशिवाय फॉर्म नाही. अशी एक केस सोबत केली की त्या दोघी मंडळाच्या बाहेरसुद्धा एकमेकींना फोन करायला लागतात.

मृत्यूची नोंदच केलेली नसेल तर आधी ते. 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद केली की फुकट होते, उशीर झाला की फी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यामुळे कोणाच्याही घरी माती झाली की भाकरी घेऊन जाणाऱ्या बायकांमध्ये एक जण अशी ठेवा जी आठवडाभरात हळूच विचारेल, नोंद झाली का.

हक्कसोड: हे आज्यांनीच सांगायचं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे आपण फार मागे आहोत. आपल्याला लागू होतो तो 1925 चा भारतीय वारसा कायदा. मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि मुलं असतील तर एक तृतीयांश बायकोचं आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी असा फरकच नाही. केरळमध्ये मेरी रॉय यांनी त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला आणि 1986 साली निकाल आला, तिथल्या सिरियन ख्रिस्ती मुलींना तेव्हा कुठे बरोबरीचा हिस्सा मिळाला. आपल्याकडे कायदा आधीपासून होता, तरी सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भाऊ म्हणतो ताई सही कर, ताई हक्कसोडपत्रावर, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करते, बदल्यात दिवाळी-नाताळला साडी आणि माहेरपण.

हे मुलींना वकिलाने सांगण्यापेक्षा मंडळातल्या ज्या मावशीने स्वतः अशी सही केलीय तिने सांगितलं तर पोहोचतं. तिची तयारी असेल तरच हं, जबरदस्ती नको. तिला एवढंच विचारा की तेव्हा काय सांगितलं होतं, काय वाचून दाखवलं होतं, नंतर नवरा गेल्यावर माहेरी काय झालं. मुलींनी प्रश्न विचारायचे, भाषण कोणीच द्यायचं नाही. आणि मग एक साधा ठराव मंडळाचा करून टाका की आपल्यातली कुठलीही मुलगी हक्कसोडवर सही करायच्या आधी मंडळातल्या दोघींना कागद दाखवेल. द्यायचा तर समजून उमजून द्यावा हिस्सा, तिचा अधिकार आहे तो, पण वाचल्याशिवाय नको.

मारहाणीची गोष्ट समोर आली तर

पहिला नियम, आणि हा मोडला तर बाकी सगळं वाया, तिचं नाव प्रार्थनेच्या विनंतीत घ्यायचं नाही. "आपल्या एका बहिणीच्या घरी शांती यावी" असं म्हटलं तरी छोट्या मंडळीत सगळ्यांना कळतं कोण ते, संध्याकाळपर्यंत नवऱ्याला कळतं आणि रात्री तिला मार पडतो. प्रार्थना तिच्याजवळ बसून करा.

दुसरं, "सहन कर, प्रभू बघून घेईल" हे वाक्य आपल्या मंडळातून जायला पाहिजे. मोठ्या बायका ते वाईट हेतूने म्हणत नाहीत, त्यांना स्वतःला तेवढंच सांगितलं गेलं होतं. 2001 च्या आधी आपल्या घटस्फोटाच्या 1869 च्या कायद्यात नवऱ्याला नुसता व्यभिचार सिद्ध करून चालायचं आणि बायकोला व्यभिचाराबरोबर आणखी क्रूरता नाहीतर सोडून जाणं असं काहीतरी सिद्ध करावं लागायचं, मग कुठली बाई कोर्टात जाणार होती. 2001 साली कायदा बदलला आणि दोघांना कारणं सारखी झाली. हे मुलींनाही कळू द्या म्हणजे त्या आज्यांना मागासलेल्या म्हणणार नाहीत.

करायचं काय तर आधी विचारा आज रात्री घरी सुरक्षित आहेस का. नसेल तर पोलिसांच्या मदतीसाठी 112. सल्ला आणि मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा घटस्फोटासाठी नाहीये, त्यात तिला राहत्या घरातून कोणी काढू नये असा आदेश मिळतो, संरक्षण आणि खर्चाचा आदेश मिळतो, आणि त्यासाठी पोलिस स्टेशनलाच जावं लागतं असं नाही, महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्यांचं ऑफिस कुठे आहे ते आधीच बघून ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसू नका. पाळकसाहेब समेट करू म्हणाले तर तिला विचारा, तिची इच्छा असेल तरच, आणि नवऱ्यासमोर तिला एकटीला बसवायचं नाही, मंडळातली एक जण शेजारी पाहिजेच.

पैसा आणि पदं

खजिनदार दोन करा, एक जुनी एक तरुण, बँक खात्यावर दोघींच्या सह्या, आणि हिशोब दर महिन्याला रविवारच्या बैठकीत मोठ्याने वाचायचा. दर तीन वर्षांनी सेक्रेटरी बदला, तीच बाई वीस वर्षं सेक्रेटरी असणं हे तिच्याही डोक्यावर ओझं असतं. तरुण मुलीला पद दिलं तर निर्णयही द्या, काही रक्कम ठरवून ठेवा जी ती कोणाला न विचारता प्रवासाला, झेरॉक्सला, स्टॅम्प पेपरला खर्च करू शकेल.

वर्गणी वाढवू नका, शेतमजूर बायकांना ते जड जातं. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो गोळा करून विकतात आणि त्यावर किती मोठं काम उभं राहिलंय. आपल्याकडे ज्वारी-बाजरी आहेच, जिला पैसे जमत नाहीत तिने धान्य आणावं, हंगामाच्या सणाला लिलाव करा.

पुरुष मंडळी विचारतील की हे चर्चचं काम आहे का. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार बाई 1827 साली मुंबईत आल्या आणि नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं केलं, त्याच बाईने बायबलचं मराठी भाषांतरही केलं. त्यांच्यासाठी ती दोन वेगळी कामं नव्हतीच, एवढं सांगा आणि वाद न घालता पुढच्या केसला लागा.

वर्षाच्या तारखा

मार्चचा पहिला शुक्रवार जागतिक प्रार्थना दिन, दरवर्षी वेगळ्या देशातल्या बायका त्याची उपासना लिहितात, 2024 ला पॅलेस्टाईन होतं, 2025 ला कुक बेटं, 2026 ला नायजेरिया. नुसती छापील पत्रिका वाचू नका, मुलींना त्या देशातल्या बायकांबद्दल माहिती काढायला सांगा आणि आजीने प्रार्थना करावी. 10 ऑगस्ट हा दलित ख्रिस्ती लोकांचा काळा दिवस, 1950 साली त्या तारखेच्या आदेशाने अनुसूचित जातीची ओळख फक्त हिंदूंपुरती ठेवली, 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. किती मुलींची फी आणि हॉस्टेल यावर अडलंय ते मंडळाने लिहून काढावं, त्या दिवशीच्या निवेदनाला जोडायला खरी उदाहरणं लागतात.

आणि ऑक्टोबर. दसरा झाला की गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, उचल (आगाऊ पैसे) घेऊन साखर कारखान्याला निघतात, नवरा-बायको दोघं, एप्रिलपर्यंत. पोरं एकतर सोबत जातात आणि शाळा बुडते, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ राहतात आणि मोठी मुलगी घर सांभाळते, दोन-तीन वर्षांत तिचं लग्न लावून टाकतात. तेव्हा मंडळाच्या जोड्यांनी टोळ्या निघायच्या आधी घरोघर फिरून यादी करायची, कोणाचं पोरगं मागे राहणार, कितवीत आहे, कोणाजवळ. ती यादी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला द्या, हंगामी वसतिगृहाची मागणी लेखी करा, त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि मागे राहिलेल्या प्रत्येक मुलीकडे आठवड्यातून एकदा कोण जाणार ते वहीत नावासकट लिहा. लग्नाची कुजबुज कानावर आली की मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नका.