इलिनॉयमध्ये शालेय बास्केटबॉलचे पंच होताना: प्लेऑफची रचना आणि नेमणुका

शिकागोच्या उपनगरांत राहणारी आणि शालेय बास्केटबॉलमध्ये पंच म्हणून उतरू इच्छिणारी मराठी मंडळी भेटली की पहिला प्रश्न येतो तो प्लेऑफचे, म्हणजे हंगामाच्या शेवटी होणाऱ्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेचे सामने कधी मिळतात याचा. त्याचे उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे, म्हणून आधी ती समजून घ्यावी.

इलिनॉय हायस्कूल असोसिएशन, म्हणजे आयएचएसए, मुलांची ही स्पर्धा 1908 पासून भरवत आली आहे. 2007-08 च्या हंगामापासून शाळा विद्यार्थिसंख्येनुसार 1ए ते 4ए अशा चार गटांत विभागल्या जातात. ज्या शाळांना प्रवेशासाठी भौगोलिक हद्द नाही, त्यांची विद्यार्थिसंख्या सर्वसाधारणपणे 1.65 ने गुणून मोजली जाते, आणि या गुणकावरून होणारे वाद अजून शमलेले नाहीत. हंगामात एकही सामना न जिंकलेला संघसुद्धा रीजनलमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात खेळतो, ही या स्पर्धेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. संघांचे मानांकन त्या त्या भागातील प्रशिक्षकांच्या मतांवर ठरते. रीजनल, सेक्शनल आणि सुपरसेक्शनल हे टप्पे ओलांडून प्रत्येक गटातले चार संघ राज्य अंतिम फेरीला पोहोचतात. मुलांची ही फेरी शँपेन शहरात होते. हरला तो बाहेर, असा सगळा मामला असल्यामुळे पंचांची निवड कोण करतो याला फार महत्त्व येते.

हंगामातील साध्या सामन्यांना पंच पुरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी कॉन्फरन्सचे (आपसात खेळणाऱ्या शाळांच्या गटाचे) असाइनर, म्हणजे पंच नेमणारे लोक करतात, म्हणून नवख्याने आधी त्यांच्याशी ओळख करून घ्यावी. प्लेऑफच्या नेमणुका मात्र आयएचएसए स्वतः करते. त्यासाठी पंचाचे पॉवर रेटिंग पाहिले जाते, ज्यात प्रशिक्षकांनी दिलेले गुण, नियमांच्या परीक्षेतील गुण, पंचाची श्रेणी आणि प्रशिक्षण शिबिरातील हजेरी अशा गोष्टी धरल्या जातात. नोंदणीकृत, मान्यताप्राप्त आणि प्रमाणित अशा तीन श्रेणी असून त्या टप्प्याटप्प्यानेच चढाव्या लागतात. माझ्या मते नवख्याने परीक्षेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण प्रशिक्षकांचे मत आपल्या हातात नसते, अभ्यास असतो.

प्रशिक्षकांचे मत बनते ते डिसेंबरमधल्या, अर्ध्या रिकाम्या जिममधल्या सामन्यांत. नियमाप्रमाणे पंचांनी सामन्याच्या पंधरा मिनिटे आधी मैदानावर असावे आणि दहा मिनिटे आधीपर्यंत दोन्ही संघांची नावे व क्रमांक स्कोअरबुकात आलेले असावेत. त्या वेळी मुख्य पंच गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन प्रत्येक क्रमांक यादीशी ताडून पाहतो. ही मुदत उलटल्यावर यादीत बदल करावा लागला तर टेक्निकल फाउल द्यावा लागतो, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा सामना त्या कागदी चुकीने सुरू होऊ नये म्हणून ही तपासणी शांतपणे, वेळेत करणारा पंच प्रशिक्षकांच्या लक्षात राहतो. तसेच 2023-24 पासून बदललेला नियम पक्का असावा: आता प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाचे फाउल नव्याने मोजले जातात आणि पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात.

आपण कोणत्या तारखांना मोकळे आहोत याची नोंद वेळेवर करावी. एखाद्या शाळेत नोकरी असेल किंवा आपले मूल तिथे शिकत असेल, तर तेही आधीच कळवावे, म्हणजे त्या शाळेचा सामना आपल्याकडे येणार नाही. सुरुवातीच्या नेमणुका बहुधा रीजनलच्या पहिल्या फेरीतल्या असतात. त्या आनंदाने घ्याव्यात, कारण अनेक सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचा शाळेसाठीचा शेवटचा सामना तोच असतो.