ऑक्सिजन आपोआप देणारं यंत्र लावलंय? मग या चुका टाळा

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्के दिसलं की नातेवाईक घाबरतात आणि कुणीतरी ऑक्सिजन वाढवायला लावतं. खरं तर या पेशंटसाठी साधारणपणे ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. ९८ वर नेलं, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या पेशंटवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सढळ हाताने ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा मोजून दिलेल्यांमध्ये मृत्यू बरेच कमी होते.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तयार झालेल्या ‘फ्रीओटू’सारखी यंत्रं बोटावरच्या प्रोबचा (सॅच्युरेशन मोजणाऱ्या चिमट्याचा) आकडा वाचून ऑक्सिजनचा प्रवाह स्वतःच कमी-जास्त करतात. पण लक्ष्य माणसालाच ठरवावं लागतं. आधीच्या न्यूमोनियाच्या पेशंटचं ९४ ते ९८ तसंच राहिलं, तर यंत्र या पेशंटलाही इमानेइतबारे तिथेच नेईल.

यंत्राला पेशंट दिसत नाही, दिसतो फक्त प्रोब. हात गार पडलेत, नखाला गडद नेलपॉलिश आहे, बीपीचा पट्टा त्याच दंडाला बांधलाय, अशा वेळी आकडा उगाच खाली येतो आणि यंत्र नको तितका ऑक्सिजन सोडतं. उलट नुकतीच विडी ओढलेल्याचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो; सावळ्या त्वचेवरही हे होतं. यंत्रावरची नाडी मनगटाच्या नाडीशी जुळते का, तेवढं पाहा. जुळत नसेल तर प्रोब दुसऱ्या बोटाला लावा.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच. आकडा दिवसभर ९० वर स्थिर, म्हणून सगळे निश्चिंत! पण काल मिनिटाला १ लिटरवर ९० होतं आणि आज ५ लिटर लागताहेत, म्हणजे पेशंट बिघडतोय. यंत्र ते झाकतंय. म्हणून चार्टवर सॅच्युरेशनशेजारी प्रवाहही लिहा. प्रवाह एकदम वाढला, तर आधी भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या जोडणीपासून नाकापर्यंतची नळी तपासा. निसटलेली किंवा दुमडलेली नळी हे नेहमीचंच कारण. नळी ठीक असेल, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं उपकरण) ६-८ लिटर ऑक्सिजनवर चालवला, तर यंत्राची सगळी काटकसर वाया जाते. तो हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा, नाकातली नळी तशीच ठेवा.

पेशंट पेंगतोय, डोकं दुखतंय, हात फडफडताहेत? सॅच्युरेशन छान असलं तरी एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करा. कार्बन डायऑक्साइड प्रोबला कळत नाही. आणि घाबरून ऑक्सिजन एकदम काढू नका. सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळतं. २४ किंवा २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा मास्क) लावून हळूहळू खाली आणा.