पावसाळ्यात ओपिनेल चाकू उघडतच नाही? मला लागू पडलेला उपाय

बाबांचा ८ नंबरचा ओपिनेल (पातं मुठीत मिटणारा फ्रेंच चाकू), लाकडी मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली, पातं धार लावून लावून अरुंद झालंय. जुलैत आंबे कापून नळाखाली धुतला आणि मूठ फुगून पातं आतच अडकलं.

पक्कड लावली तर पात्यावर ओरखडा आला, वंगणाचा स्प्रे मारला, खोबरेल सोडलं, काही नाही. रडायची पाळी आली होती.

शेवटी चार दिवस ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद बरणीत ठेवला (उन्हात नको, लाकूड तडकतं). मग पात्याच्या बुडाशी असलेली लॉकची रिंग फिरवून मोकळी केली, मुठीतली पातं मिटायची खाच खाली धरून मुठीचं मागचं टोक पाटावर हलकेच आपटलं, तिसऱ्या ठोक्याला पातं बाहेर आलं! मग जुन्या एटीएम कार्डाला २२० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून खाचेच्या आतल्या दोन्ही बाजू घासल्या, बाहेरून अजिबात नाही, तो झिजलेला भाग बाबांचा आहे. भुसा झटकून खाचेत आणि मुठीला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, दोन हातांमध्ये एक दिवस. जवसच घ्या, ते लाकडात सुकतं, खोबरेल सुकत नाही. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

आता एका बोटाने उघडतो.