ट्रेंच गन घेताना या चुका टाळा: भोकांचा पत्रा सगळ्यांत शेवटी बघा

विंचेस्टर १८९७ची ट्रेंच गन, म्हणजे महायुद्धांत खंदकातल्या लढाईसाठी अमेरिकन सैन्यानं घेतलेली शॉटगन, टेबलावर आली की नवख्याची नजर पहिल्यांदा नळीवरच्या भोकाभोकांच्या पत्र्यावर जाते. मग खालचं संगिनीचं कडं. हात पाकिटाकडे जायला एवढं पुरतं. खरं तर सगळ्या बंदुकीत बनावट मिळायला सर्वांत सोप्या याच दोन वस्तू. पत्रा आणि कडं आज नवंकोरं तयार मिळतं, आणि ते चढवलं की कुठलीही जुनी पंप शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) लांबून १९१८ची दिसते.

म्हणून नळी आधी. लष्करी नळी २० इंची आणि चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचं तोंड किंचित अरुंद केलेलं असतं तो) नसलेली असते. नळीवर चोकचा शिक्का असतो, तो वाचा. ‘सीवायएल’ (सिलिंडर, म्हणजे चोक नाही) असेल तर पुढे बघायला हरकत नाही. ‘फुल’ असेल तर खेळ तिथेच संपला. ती बदकं मारायची ३० इंची नळी होती, कुणीतरी करवतीनं २० इंचांवर आणली. चोक असतो तोंडाकडे, त्यामुळे तो कापलेल्या तुकड्याबरोबर गेला; शिक्का मात्र मागच्या टोकाला असतो, तो राहिला. कापणाऱ्यांना एवढं साधं सुचत नाही हे आपलं नशीब. नंतर तोंड बघा. कारखान्यातली कड एकसारखी गोल असते. घरगुती कामात ती एका बाजूला पातळ होते किंवा कानशीचे ओरखडे राहतात.

आता विकणाऱ्याला पत्रा उतरवायला सांगा. कड्याचे स्क्रू नळीच्या पोटाखालून आडवे जातात आणि त्यांना वाट मिळावी म्हणून खऱ्या ट्रेंच नळीच्या खालच्या बाजूला खाचा काढलेल्या असतात. खाचा नसतील तर कडं नंतर आलं. खाचा आहेत पण आतला पोलाद चकचकीत पांढरा आहे, तर त्या गेल्या वर्षी काढल्या असं समजा. विकणारा पत्रा उतरवायला तयार नसेल तर चहा पिऊन निघावं. ‘स्क्रू गंजलेत’ ही सबब फार चालते, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारेही भरपूर असतात.

पत्र्यावरच्या भोकांच्या ओळी मोजा. सुरुवातीचे पत्रे सहा ओळींचे, दुसऱ्या महायुद्धात १९४२च्या सुमाराला चार ओळींचे आले. पहिल्या महायुद्धाची म्हणून सांगितलेल्या बंदुकीवर चार ओळी दिसल्या तर निदान पत्रा तरी बदललेला आहे. तो सरकारी डेपोतही बदललेला असू शकतो, त्यामुळे लगेच ‘बनावट’ म्हणून ओरडू नका. पण किंमत पहिल्या महायुद्धाची द्यायची नाही.

फ्रेमचंही तसंच. पहिल्या महायुद्धातल्या १८९७ ट्रेंच गन अखंड फ्रेमच्या, दुसऱ्यातल्या दोन भागांत सुटणाऱ्या. अखंड फ्रेमची नळी ‘सुटत का नाही’ म्हणून पिळत बसणारे महाभाग असतात. ती सुटत नाही, सुटायची नाही. सुटणाऱ्या बंदुकीत नंबर दोन ठिकाणी असतो, रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या भागाच्या) पोटावर आणि पुढच्या भागावर. दोन्ही जुळले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धाच्या बंदुकीत पेटत्या बॉम्बचं लष्करी चिन्ह रिसीव्हरवर आणि नळीवर, दोन्हीकडे शोधा. एकाच ठिकाणी असेल तर नळी कुठून आली हे विचारा.

नावातला १८९७ हा मॉडेलचा आकडा, बनवल्याचं साल नव्हे. ही बंदूक १९५७ पर्यंत बनत होती.

दुसरी चूक पॉलिशची. तिच्यामुळे जितक्या बंदुका वाया गेल्या तितक्या गंजानंसुद्धा गेल्या नसतील. दस्त्यावर तपासनीसाचा शिक्का असतो, दुसऱ्या महायुद्धात बहुधा आडव्या तोफा आणि ‘जीएचडी’ ही आद्याक्षरं. लाकडात तो एका कागदाच्या जाडीएवढाच रुतलेला असतो. सँडपेपरचे चार हात मारले की शिक्का जातो आणि लाकूड धातूच्या पातळीखाली बसतं. मग कितीही वार्निश लावा, ते उघडं पडतंच. करायचं एवढंच: जुन्या सुती कापडानं धूळ पुसा, चिकट काळा थर मिनरल स्पिरिटच्या ओल्या बोळ्यानं हळूहळू काढा, शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहातानं चोळा. तेलाचा बोळा वाळेपर्यंत उघड्यावर पसरून ठेवा, चुरगळून टाकलात तर आपोआप पेट घेतो. धातूला पातळ तेल आणि मऊ पितळी ब्रश. पोलादी काथ्या नको, पॉलिशचं फिरतं चाक तर नकोच. घाई असेल त्यानं घड्याळं जमवावीत.

स्क्रूला पातं नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. घरातल्या डब्यातला एकच पेचकस सगळ्यांना लावणाऱ्यांच्या बंदुका स्क्रूच्या फाटलेल्या खाचांवरून ओळखू येतात.

पहिल्या महायुद्धातल्या बंदुका निळसर काळ्या झिलईच्या असत. करडं पार्करायझिंग (फॉस्फेटचा खरबरीत लष्करी लेप) दिसलं तर ती नंतर डेपोत दुरुस्त झालेली असू शकते. अशांवर ‘ओजी’ (ऑग्डेन) किंवा ‘एए’ (ऑगस्टा) असे शिक्के सापडतात. हा दोष नाही, इतिहास आहे, फक्त दुसऱ्या काळाचा.

‘पंप अडकलाय, बंदूक बिघडली’ ही तक्रार दर वेळी येते. घोडा पडलेला असेल तर पंप आधी थोडा पुढे ढकलावा लागतो, मग मागे येतो. गोळी सुटल्यावर धक्क्यानं हे आपोआप होतं, रिकाम्या बंदुकीत हातानं करावं लागतं. घोडा ताणलेला असेल तर रिसीव्हरच्या उजव्या बाजूचं बटण दाबा. जोरानं ओढून काही होणार नाही, तुटेल मात्र. त्याआधी नळी आणि मॅगझिन (तिच्याखालची काडतुसांची नळी) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं बघा. या बंदुकीला वेगळा सेफ्टी खटका नाही, घोड्याची अर्धी खाच तेवढी आहे. आणि चाप दाबून धरून पंप मारला तर प्रत्येक झटक्याला बार उडतो. दिवाणखान्यात दाखवायची ही गंमत नव्हे.

संगीन घेताना ब्रिटिश १९०७ची घेऊ नका, ती बसत नाही. एम१९१७ हवी. तिच्या लाकडी मुठीवर दोन आडव्या खाचा असतात, त्यावरून ओळखा. व्हिएतनामच्या काळात ही संगीन पुन्हा बनली, त्यामुळे एम१९१७ म्हणजे १९१७ची असंही धरू नका.

इतिहास सांगताना ‘हेगच्या करारानं शॉटगनवर बंदी होती’ हे वाक्य टाळा. झालं ते असं. १९१८च्या उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये ७७व्या आणि ५व्या डिव्हिजनचे अमेरिकन सैनिक शॉटगनसह जर्मनांच्या हाती लागले. १९ सप्टेंबरला जर्मनीनं निषेध नोंदवला: १९०७च्या हेग करारातलं २३(ई) कलम अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना मनाई करतं, म्हणून अशी बंदूक किंवा काडतुसं सापडलेल्या कैद्याला मृत्युदंड. अमेरिकेच्या लष्करी कायदा विभागातल्या ब्रिगेडियर जनरल अ‍ॅन्सेल यांनी आक्षेप फेटाळणारं मत दिलं, आणि परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी कळवलं की बंदूक वैध आहे, आणि कैद्यांना हात लावलात तर प्रत्युत्तर मिळेल. म्हणजे बंदी हा एका पक्षाचा दावा होता. या बंदुका घाबरवत होत्या हे मात्र या पत्रव्यवहारातून कळतं. या बंदुकीनं हवेतले ग्रेनेड उडवल्याच्या कथा ऐकायला बऱ्या, विकणाऱ्याच्या तोंडून किंमत वाढवायलाही बऱ्या.

त्याच युद्धात कागदी काडतुसं खंदकातल्या ओलीनं फुगायची आणि नळीत जायची नाहीत, म्हणून पितळी काडतुसं काढली गेली. आत डबल-ओ बकशॉटचे (मोठ्या शिकारीच्या जाड छर्ऱ्यांचे) नऊ छर्रे, प्रत्येकी साधारण ८.४ मिमी. आपल्याकडच्या एसजी मापाच्या छर्ऱ्याच्या आसपास. जुनं काडतूस मिळालं तर कपाटात ठेवा, झाडून बघू नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी नळी १८ इंचांहून आखूड केलेली बंदूक हातातही धरू नये, तो वेगळ्या कायद्याचा विषय आहे. भारतात ‘अँटिक’ म्हणून सूट मिळते ती न चालणाऱ्या आणि दुरुस्त होऊनही चालू न शकणाऱ्या हत्याराला. चालती १८९७ म्हणजे सरळ परवाना, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका. पोटमाळ्यावर आजोबांची सापडली तरी आधी पोलीस ठाणं, मग पॉलिशचा विचार.