पेट्रोलचा काटा चुकतोय? मीटर बदलायच्या आधी हे करून बघा

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीत गाडी बंद पडली. काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी कोरडी ठणठणीत. मागे आई बसलेली, अंधार पडत आलेला, मोबाईलला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितलं की अख्खा मीटरचा सेट बदलावा लागेल, मी नको म्हटलं, घरी बसून एकेक गोष्ट तपासली आणि निघालं काय तर टाकीतल्या फ्लोटची दांडी वाकलेली होती, ती पावच्या खाली उतरतच नव्हती. दांडी सरळ केली, नवीन गॅस्केट (गळती रोखणारं पॅकिंग) टाकलं, काम संपलं. जुनी गाडी प्रेमाने सांभाळणाऱ्या कुणाचेच पैसे असे उगाच जाऊ नयेत म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी यंत्रणा समजून घ्या. टाकीत एक फ्लोट तरंगतो, त्याच्या दांडीचं दुसरं टोक एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरतं, पेट्रोल कमी-जास्त झालं की रेझिस्टन्स बदलतो आणि त्या हिशोबाने डॅशबोर्डवरचा काटा हलतो, बस. टाकीतल्या या फ्लोट-पट्टीच्या युनिटला सेंडर म्हणतात आणि डॅशबोर्डवरच्या काट्याच्या मीटरला गेज. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत टाकी फुल असताना रेझिस्टन्स अगदी कमी, ५ ओहमच्या आत, आणि रिकामी असताना ११०-१२० च्या आसपास असतो. काही युरोपियन गाड्यांत हे बरोब्बर उलटं, रिकामी असताना १० आणि फुल असताना १८० ओहम. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघाच, नाहीतर सगळे निष्कर्ष उलटे निघतील. खाली मी जपानी पद्धतच धरलीये.

काटा नेमका कसा चुकतोय यावरूनच अर्धं कळतं. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम चुकायला लागले तर टाकीला हातच लावू नका, जुन्या मीटरमागे काट्यांचं व्होल्टेज एकसारखं ठेवणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो किंवा त्याची अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) गेली असणार. टाकी फुल करूनही काटा पाऊणच्या पुढे जात नाही, किंवा इंडिकेटर लावला की काटा थरथरतो, तर अर्थिंग. खड्ड्यात गाडी आदळली की काटा धपकन शून्यावर, तर लूज कनेक्शन नाहीतर पट्टी झिजलेली. पेट्रोल असताना कायम रिकामं दाखवतोय, तर वायर तुटलेली असू शकते किंवा फ्लोट फुटून त्यात पेट्रोल शिरलेलं असू शकतं, जुन्या पितळी फ्लोटला हे हमखास होतं.

आता टेस्ट. ही टाकी उघडायच्या आधी, पेट्रोलचं झाकण लावलेलं असताना आणि मोकळ्या जागेत करायची. मागची सीट उचला, बऱ्याच गाड्यांत तिथेच छोटं झाकण असतं (काहींत ते डिकीत असतं, काहींत टाकीच खाली उतरवावी लागते). सेंडरची गेजला जाणारी वायर सोडा आणि चावी ऑन करा, काटा रिकाम्यावर जायला हवा. मग तीच वायर १२ व्होल्ट ३.४ वॉटच्या छोट्या बल्बमधून बॉडीला लावा, बल्ब लागून काटा हळूहळू वर चढला पाहिजे. बल्बशिवाय थेट बॉडीला टेकवून धरू नका, काही गेज त्याने खराब होतात. आणि घाई नको, जुन्या बायमेटल (तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या) गेजचा काटा सावकाशच चढतो, अर्धा मिनिट तरी थांबा. काटा चढला म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही ठीक. नाही चढला तर दोष पुढे आहे, म्हणजे फ्यूज, वायर किंवा गेज.

मीटर ठीक निघाला की पहिला संशय अर्थिंगवर घ्या. सेंडरच्या अर्थपासून बॉडीच्या स्वच्छ धातूपर्यंत तात्पुरती वायर जोडून बघा, काटा सुधारला तर अर्थचा स्क्रू काढून खालचा गंज पॉलिश पेपरने घासा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत करा आणि वरून थोडं ग्रीस लावून परत घट्ट बसवा. आपल्याकडच्या पावसात, त्यातून कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे होणारच.

एवढं करूनही फरक नाही तरच सेंडर बाहेर काढा. इथे मात्र अजिबात धाडस नको. टाकीत पावपेक्षा कमी पेट्रोल असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी उघड्यावर लावा कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद जागेत जमिनीलगत साचते. उघडा बल्ब, सिगारेट, घरातला व्हॅक्युम क्लीनर काहीही जवळ नको. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या) गाडीत पंप आणि सेंडर एकत्रच असतात, तिथे बॅटरी काढायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे लाईनमधलं प्रेशर जाईल. झाकणावरची माती आधी ओल्या फडक्याने पुसा. सेंडर टाकीवर पक्का धरणारी रिंग फिरवायला लोखंडी छिन्नी-हातोडा नको, ठिणगी पडते, लाकडी किंवा पितळी दांडका वापरा. आणि बाहेर काढताना दांडी तिरकी करून हळू काढा, माझी दांडी बहुतेक आधी कुणीतरी ओढूनच वाकवली होती.

सेंडर टाकीपासून लांब न्या, वाळू द्या, मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी खालून वर अगदी सावकाश फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा सर्किट तुटल्याचं दाखवलं तर त्या जागी पट्टी काळवंडलीये किंवा झिजलीये. काळवंडली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ होते, घासपेपर लावला तर उरलेली पट्टीही जाईल. खरंच झिजली असेल तर नवीन युनिट घ्या, पण जुनं सोबत नेऊन दांडीची लांबी आणि ओहम दोन्ही जुळवूनच घ्या. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डुचमळलं की तो बदलायचाच.

परत बसवताना गॅस्केट नवीनच लावा. मग हिशोब लावून घ्या, उदाहरणार्थ मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची, म्हणजे पाव टाकी ७ लिटर. पंपावर ५-५ लिटर भरत प्रत्येक वेळी काट्याचा फोटो काढून ठेवा. टाकी पूर्ण भरली की सीट उचलून गॅस्केटच्या कडेने बोट फिरवा, जराही ओल लागली किंवा आत पेट्रोलचा वास आला तर गाडी तशी चालवू नका, गॅस्केट परत बसवा.